झाडाचे बिल्ले काढू नका
परवा मामांनी मोबाईल पुढं केला. "वाच. हे सारं खोटं हाये म्हणते." तोवर मनगटाएवढ्या ऐनाच्या झाडांचे अकरा नंबराचे बिल्ले तारेसकट उपटून त्यांनी घरी आणलेही होते. ग्रामसभेनं अन् कॉलेजच्या पोरांनी चार उन्हाळे रान पालथं घालून बांधलेले. तालुकाभर फिरणारा तो मेसेज म्हणतो: जंगलाचं मॉडेल (रान पुढं कसं होईल ते सांगणारं गणित) म्हणजे मनाचे आकडे, उपग्रह असताना मोजणी कशाला, बिल्ले काढून फेका.

आधी बिल्ल्यांचंच बोलतो, कारण नुकसान तिथंच झालंय. मॉडेलला लागतं ते इतकंच: वर्षाला शंभरातली किती झाडं मरतात, किती नवी उभी राहतात, खोड किती भरतं. नुसत्या एकूण मोजणीतून हे निघत नाही. पाच वर्षांपूर्वी ५०० ऐन होते, आजही ५०० आहेत. एकही मेला नाही, की १०० पडले अन् १०० नवे आले? बेरीज सारखीच, पण पहिल्या रानात एकही नवं झाड नाही. हा फरक नंबर असलेलं झाडच सांगतं. समजा, बिल्ला लावलेल्या १०० झाडांपैकी पाच वर्षांनी ६० जिवंत सापडली. मरणदर वर्षाला सुमारे १० टक्के. ८ नव्हे, कारण पुढच्या वर्षी मरतात ती उरलेल्यांतली. त्यातले अकरा बिल्ले कुणी उपटले तर सापडतील ४९, अन् दर जाईल १३ वर. जिवंत झाडं कागदावर मेली!

मनाचे आकडे? अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. समीकरणात मनाप्रमाणे बदलायला चार आकडे द्या, त्यात हत्तीचं चित्र बसवून दाखवतो, पाचव्यानं सोंड हलवतो, असं गणितज्ञ फॉन नॉयमन म्हणायचे म्हणे. म्हणूनच तर एकेक आकडा रानात जाऊन पक्का करायचा असतो. तामिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलात १९८८-८९ मध्ये ५० हेक्टरांतल्या १ सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाला नंबर दिला. पर्यावरणशास्त्रज्ञ रमण सुकुमार यांच्या चमूनं पुढं वर्षानुवर्षं मेलेली अन् नवी झाडं नोंदवली. साग, ऐन, धावडा, आपलीच झाडं. वणवा लागला की बारीक खोडं जास्त मरतात, हेही तिथं मोजूनच कळलं.

उपग्रहाला वरची पानं दिसतात. सागाखालचं बोटाएवढं रोप जगलं की गेलं, हे त्याला कुठून दिसणार?

बिल्ले माझ्याकडे आहेत, २१४ ते २२४. गोलाई मोजायचा १.३७ मीटरवरचा पिवळा पट्टा खोडांवर अजून शाबूत आहे, जुनी गोलाई वहीत आहे. शनिवारी टेप घेऊन जातोय. कोणता बिल्ला कोणत्या झाडाचा हे मामांनाच आठवतं, म्हणून त्यांना सोबत नेतोय.