मांगरातली बाई

ज्या कुणी हे लॅपटॉपचं अपडेट बनवलं, त्याच्या घरी जाणाऱ्या पेटीतला प्रत्येक हापूस आतून बिघडलेला, साका निघो. यापेक्षा वाईट शाप आमच्या देवगड तालुक्यात मिळत नाही.

काल. अक्षय्य तृतीया तोंडावर, 62 पेट्या भरून मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात रचलेल्या, पाचला गाडी येणार आणि लेबलं छापायची बाकी. ड्रायव्हर कुणासाठी थांबत नाही, त्याला अंधाराआधी नांदगाव तिठा गाठायचा असतो. साडेतीनला यादी उघडली. तिसऱ्या नावावर होतो आणि आमची बाई, म्हणजे मला न दिसणारा स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा आवाज, बोलता बोलता गप झाली. 'कुलक' म्हणाली. 'र्णी' आलंच नाही.

पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. आधी बाण दाबायचे, मग कंट्रोल, मग सगळंच. हेडफोन काढून पुन्हा घालायचा. शेवटी लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात लावायचा, पोराला ताप आलाय का बघावं तसा. गरम. पंखा भिरभिरतोय. म्हणजे जिवंत आहे, म्हणजे अपडेट! स्क्रीनवर सगळ्यात महत्त्वाचं काही लिहिलेलं असतं, नेमका तेव्हाच स्क्रीन रीडर उठलेला नसतो. डोळसांना टक्के दिसतात, 'बंद करू नका' अशी विनवणी दिसते. आपल्याला पंखा.

शेजारचा सातवीतला पोरगा बोलावला.

"काय लिहिलंय?"

"35."

"35 काय?"

"टक्के."

दहा मिनिटांनी विचारलं, तरी 35च. मग म्हणतो, "काका, बटणां इली."

"कसली?"

"निळी."

निळी! जन्मापासून आंधळ्या माणसाला बटणं निळी आहेत एवढीच खबर. त्यानं निळं दिसेल ते दाबत कशाकशाला माझी संमती दिली देव जाणे. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलं असेल तर कळवा. तेवढ्यात बाहेरून आऊट की नॉटआऊट अशी हाक आली आणि आमचे डोळे बॅट घेऊन पळाले.

मग शांतता. दाबीन त्या बटणाला शांतता. पासवर्ड तीनदा घातला, कुठे घातला ते कळलं नाही. आई पडवीतून म्हणाली, "तुझी ती बाय आज गप कित्या? लायट गेली काय?" मी तिला काय बोललो ते इथे लिहीत नाही. नंतर माफी मागितली.

एवढं झालं की जुनं सगळं वर येतंच. बँकेचं अॅप घ्या. नीट चालायचं हो! एके दिवशी नवं रूप आलं आणि सगळ्याचं 'बटण, बटण, बटण' झालं. शिल्लक दाखवणारंही बटण, पैसे पाठवणारंही बटण, हिंमत असेल तर दाबा. त्याच बँकेनं केवायसीला सांगितलं, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा. माझा डावा काचेचा आहे, उजवा त्याच्या मर्जीचा मालक. सुप्रीम कोर्टानं 30 एप्रिल 2025ला सांगितलंय की डिजिटल सेवा मिळणं हा कलम 21च्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि केवायसीला डोळे मिचकावण्याशिवाय दुसरा मार्ग द्या. शाखेत हे म्हटलं तर साहेब आईला विचारतात, "यांच्यासोबत घरी कोणी बघणारं नाही का?" मी समोर बसलोय. काउंटरच्या या बाजूला. कान चालू आहेत.

लुई ब्रेलनं सहा ठिपक्यांची पद्धत 1829 साली छापली. आपल्या भाषांसाठीची भारती ब्रेल 1951पासून आहे. 'क' म्हणजे एक आणि तीन नंबरचा ठिपका. रात्री झोपलो आणि सकाळी 'क' सुधारित आवृत्तीत कोपऱ्यात सरकला, असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. ठिपक्यांना रिस्टार्टही लागत नाही.

असा मी तापलेला, आणि साडेचारला आई पुन्हा दारात. आवाज बारीक.

"अरे, मांगरात कोण बायलमाणूस इंग्लिशीत बोलता हा?"

पेट्या भरणारे नेपाळी गडी मांगराबाहेर येऊन उभे. आत गवताच्या अढीवरून एक अमेरिकन बाई शांतपणे म्हणतेय, "स्टार. स्टार. स्टार." माझा पासवर्ड. गड्यांना गाणी ऐकायला मीच मागच्या आठवड्यात तिथला स्पीकर जोडून दिला होता. अपडेटनंतर सिस्टीमला तो आठवला, लॅपटॉपचा स्वतःचा नाही. म्हणजे शेवटची दहा-पंधरा मिनिटं बाई माझ्या प्रत्येक बटणाला इमानदारीत उत्तर देत होती, मी घरात तिच्या सात पिढ्या काढत होतो, आणि गडी देवचार आला म्हणून हात जोडून उभे. आणि हो, गेले तीन आठवडे 'नंतर आठवण करा' दाबणारा शहाणाही मीच. सगळ्या गावाला सांगतो, अपडेट वेळच्या वेळी करा.

स्पीकर तोडला, बाई घरी आली. पण परकी होऊन. मी तिला पळवत ऐकतो, आईला रातकिड्यासारखं वाटतं; ही बालवाडीच्या बाईंसारखी. मराठी आवाज पुसलेला, त्यामुळे देवनागरी दिसली की गिळते. 62 नावांची यादी तिनं अशी वाचली: "400028. 5. 400703. 4." दादरला पाच डझन, वाशीला चार. कुणाला, ते विचारायचं नाही.

शेवटी पोरग्याला मैदानातून ओढून आणला. पोरगा आणि आई मिळून यादीवरून स्केचपेननं लेबलं लिहीत बसली, मी डिंक लावत होतो. गाडी पाच पंचविसाला सुटली. ड्रायव्हर जे बोलला ते मला पूर्ण मान्य आहे. एका पेटीवर आईनं नुसतं 'मावशी, दादर' लिहिलंय, हे आज कळलं. पत्ता तिला पाठ आहे ना, मग लिहायचा कशाला?

आवाज अजून सापडलेला नाही. सेटिंग होतं तिथे नाही, आहे तिथे 'बटण' आहे. गडी सांजवेळेनंतर मांगरात जायला तयार नाहीत. ब्लूटूथ म्हणजे काय ते मी अर्धा तास समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं. आईनं मग मांगराच्या दारात राखणदाराला नारळ ठेवला, आणि एक माझ्या टेबलावर. तो मी हलवलेला नाही.