हाऊस रेन आणि आपला शिंपी
हाऊस रेन या चिमुकल्या पक्ष्यावरचा तुमचा लेख आवडला, त्याचा नर आधी दोन-चार जागी काटक्या भरून ठेवतो अन् मग मादी त्यातली एक पसंत करते हे छान सांगितलंत, पण तो शेजारच्या पक्ष्यांची अंडी चोच मारून फोडतो हेही यायला हवं होतं, वजन जेमतेम 10-12 ग्रॅम आणि एवढी दादागिरी! तो अमेरिकेतला, आपल्याकडे रेन दिसतो तो हिमालयात आणि तोही वेगळ्या जातीचा. इथे इंदूरला सिरपूर तलावाकडे काय किंवा आमच्या कॉलनीत काय, रेनसारखीच शेपटी उभी ठेवणारा शिंपी पक्षी असतो, रेनचा जवळचा नातेवाईक नाही हं तो, पण पानं शिवून त्यात घरटं करतो, किती सुंदर काम! पावसाळ्यात माळी सरसकट कटिंग करतात ना त्यात ही घरटी जातात, प्लीज त्यांना आधी पानं उलटून बघायला सांगा.