रस्ता शहराचा, शर्यत आयोजकांची, मग भुर्दंड कोणाला?

नोव्हेंबर २०२३ मध्ये लास वेगसच्या नव्या सर्किटवर झालेली फॉर्म्युला वन शर्यत त्या वर्षातल्या सर्वांत रंगलेल्या शर्यतींपैकी एक होती, असे माझे ठाम मत आहे. तिच्या आयोजनात जे अन्याय झाले, ते शर्यत रंगली म्हणून पोटात घालण्यासारखे नव्हते, हेही मत तितकेच ठाम आहे. गोव्यात रस्त्यावरच्या शर्यतींची चर्चा अधूनमधून निघते, तेव्हा बोलणे गोंगाट आणि पर्यटन या दोनच मुद्द्यांभोवती फिरत राहते. आयोजनात चूक झाली तर तिची किंमत कोणी मोजायची, हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यात कोणी विचारतच नाही. लास वेगसला तो प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहिला.

पहिला सराव सुरू होऊन आठ-नऊ मिनिटे झाली असतील-नसतील, तोच कार्लोस साइन्झची फेरारी रस्त्यातल्या पाण्याच्या व्हॉल्व्हच्या झाकणावर आदळली. २०२२ ते २०२५ च्या नियमांनुसार बनलेल्या या गाड्यांच्या तळाखालून हवा अशा वेगाने जायची की तिथे कमी दाब निर्माण व्हायचा आणि गाडी रस्त्याला चिकटून धावायची. तोच दाब रस्त्यावरची सैल वस्तू वर ओढून घेतो. त्या झाकणाभोवतालची काँक्रीटची चौकट निकामी झाली आणि ताशी तीनशेच्या वर वेगाने येणाऱ्या गाडीच्या पोटावर लोखंड बसले. साइन्झच्या गाडीचा सांगाडा, इंजिन आणि बॅटरी, सगळेच गेले. एस्तबान ओकॉनच्या अल्पीनचाही सांगाडा बदलावा लागला. असे पहिल्यांदाच घडले होते असेही नाही. २०१९ मध्ये अझरबैजानमधल्या बाकूच्या रस्त्यावर जॉर्ज रसेलच्या विल्यम्सची हीच गत झाली होती, म्हणजे धोका ठाऊक होता.

पुढे जे झाले त्याचा राग मला अजून येतो. साइन्झला नवी बॅटरी बसवावी लागली, ती हंगामाच्या ठरलेल्या कोट्याबाहेरची होती, म्हणून त्याला दहा जागा मागून शर्यत सुरू करण्याची शिक्षा झाली. फेरारीने सवलत मागितली. नुकसान बाहेरच्या आणि अत्यंत असामान्य कारणाने झाले, हे पंचांनीही मान्य केले. पण नियम जसा लिहिला आहे तसाच लावणे आम्हाला बंधनकारक आहे, असे म्हणून त्यांनी हात वर केले. पात्रता फेरीत दुसरा आलेला साइन्झ बाराव्या जागेवरून निघाला आणि सहावा आला. रस्ता सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांची एक जागाही गेली नाही. पंचांना मी दोष देत नाही, कारण त्यांनी अधिकार ओलांडले असते तर उद्या दुसऱ्या कोणासाठी तेच झाले असते. दोष अशा घटनेसाठी तरतूद न करणाऱ्या नियमाचा आहे.

प्रेक्षकांचे हाल वेगळेच. झाकणे तपासून त्यांचा बंदोबस्त करण्यात तासन्‌तास गेले, दुसरा सराव पहाटे अडीचला सुरू झाला आणि त्याच्या तासभर आधीच थंडीत ताटकळलेल्या लोकांना स्टँड रिकामे करायला सांगण्यात आले. सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या कामाच्या वेळेचे कारण पुढे आले. कर्मचाऱ्यांना विश्रांती मिळालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्यांनी पैसे मोजले त्यांना गाडी धावण्याआधी घरी पाठवायचे आणि नंतर फक्त त्या एका दिवसाचे तिकीट असलेल्यांना अधिकृत दुकानातल्या खरेदीचे दोनशे डॉलरचे कूपन द्यायचे, याला भरपाई म्हणता येत नाही. तीन दिवसांचे तिकीट घेणाऱ्यांच्या हाती तेवढेही पडले नाही.

आणि ज्यांनी तिकीट काढलेच नव्हते, त्यांचे काय? डांबरीकरणासाठी महिनोन्‌महिने रस्ते अडवले गेले, एका प्रसिद्ध हॉटेलच्या कारंज्यासमोरची झाडे तोडली गेली, आणि चौकात उभारलेल्या तात्पुरत्या पुलामुळे गिऱ्हाईक तुटल्याची तक्रार आसपासच्या व्यावसायिकांनी केली. गोव्यातल्या पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामात दुकानाच्या काउंटरवर दिवसातून चार वेळा फडका मारणाऱ्याला हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. उड्डाणपूल निदान उद्या त्याच्याही कामाला येईल.

शर्यत मात्र खरोखर देखणी झाली. आपल्याकडे तो विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा रविवार होता, त्यामुळे सकाळी साडेअकराला सुरू झालेल्या या शर्यतीकडे फार कोणाचे लक्ष गेले नाही. रेड बुलचा व्हर्स्टॅपन पाच सेकंदांची शिक्षा भोगूनही जिंकला आणि फेरारीच्या लक्लेरने शेवटच्या फेरीत रेड बुलच्याच पेरेझला मागे टाकून दुसरा क्रमांक घेतला. दोन्ही बाजूंना भिंत असलेल्या रस्त्यावर अशी ओव्हरटेकिंग क्वचितच दिसते. म्हणूनच शहरातल्या शर्यती सरसकट बंद कराव्यात, असे मी म्हणणार नाही.

भारतातला अनुभव आपल्यासमोर आहेच. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेन सागराच्या काठी फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली आणि राज्यातले सरकार बदलल्यावर दुसऱ्या वर्षीची शर्यत रद्द झाली. चेन्नईत २०२४ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतीच्या ट्रॅकला मंजुरी मिळण्यातच उशीर झाला आणि लोक वाट पाहत बसले. गोव्यात तर एकेका पावसाळ्यानंतर रस्त्याची पातळी बदलते. पणजीच्या कुठल्याही रस्त्यावर स्कूटरचे चाक चेंबरच्या झाकणावरून गेले की ते खडखडते, आणि स्कूटर ताशी तीस-चाळीसने चाललेली असते.

त्यामुळे गोव्यात अशी शर्यत आणायची असेल तर करार आधी लोकांपुढे ठेवावा, एवढी माझी मागणी आहे. व्यवसाय बुडाल्यास भरपाई देता येईल एवढी अनामत आयोजकांनी आधीच सरकारकडे भरावी, सत्र रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे रोख परत मिळण्याची अट छापील असावी, आणि शर्यतीनंतर रस्ता कोणत्या अवस्थेत, किती दिवसांत परत करायचा हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. हा करार पालिकेच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत वाचून दाखवला जावा, आणि तोही डांबर पडण्याआधी. २०२५ मध्येही लास वेगसचा दुसरा सराव झाकण सैल असल्याच्या संशयावरून थांबवावा लागला. दोन वर्षांचा अनुभव आणि अफाट पैसा असलेल्या आयोजकांची ही स्थिती असेल, तर आपल्या आयोजकांच्या तोंडी आश्वासनावर मी तरी विसंबणार नाही.