रेने फ्लेमिंग, ब्योर्क आणि अंगणातली गोधडी

काल रात्री दिवे मालवून ‘डिस्टंट लाइट’ पुन्हा एकदा सलग ऐकला. अमेरिकन ऑपेरा गायिका रेने फ्लेमिंगचा हा अल्बम जानेवारी २०१७ मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तिने रिचर्ड स्ट्राउसच्या ‘रोझेनकाव्हालिअर’ या ऑपेरातल्या मार्शालिनच्या भूमिकेचा निरोप घेतला. ज्या भूमिकेने तिला इतकं दिलं ती सोडायच्या बेतात असताना ही बाई काय गाते? अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बर, स्वीडनचा संगीतकार आन्दर्श हिलबोर्ग आणि शेवटी आइसलंडची पॉप गायिका ब्योर्क हिची तीन गाणी! साथीला सकारी ओरामोच्या हाताखालचा रॉयल स्टॉकहोम फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा.

शास्त्रीय गळा पॉपकडे वळला की मी आधी सावध होते. चालीवर व्हायोलिनची जाड साय, शेवटी एक उंच सूर, की झालं. आपल्याकडेही ख्यालात मुरलेला गळा कधी कधी भावगीताला हात घालतो आणि दोन ओळींमधली शांतता तानांनी भरून टाकतो. मी तसं केलं की माझे गुरुजी तंबोरा बाजूला ठेवायला लावायचे. म्हणायचे, आधी कविता मोठ्याने वाच.

फ्लेमिंगने ती वाचली आहे, हे बार्बरच्या ‘नॉक्सव्हिल: समर ऑफ १९१५’मध्येच कळतं. शब्द अमेरिकन लेखक जेम्स एजीचे, आणि ते गद्य आहे. उन्हाळ्यातली संध्याकाळ, ओसरीवर झुलत्या खुर्च्यांत बसलेली माणसं, रस्त्यावरून खडखडत जाणारी ट्राम. मागच्या अंगणात ओल्या गवतावर गोधड्या अंथरून आईवडील, मामा, मावशी पडलेले आणि त्यांच्यात एक लहान मूल. पुढच्याच वर्षी एजीचे वडील मोटार अपघातात गेले. १९४७ मध्ये बार्बर हे संगीतात बांधत होता तेव्हा त्याचेही वडील आजारी होते. हे ठाऊक नसतानाही मला पहिल्यांदा ऐकताना रडू आलं होतं. आजोळच्या अंगणात आजीच्या लुगड्यांच्या गोधडीवर पडून मी चांदण्या बघायचे, मोठ्यांचं बोलणं कानावर यायचं आणि त्यातलं काहीच कळायचं नाही. एजीचं मूल शेवटी म्हणतं की ही माणसं माझ्यावर प्रेम करतात, पण मी कोण ते सांगणार नाहीत. तिथे फ्लेमिंग आवाज वाढवत नाही. सांगावं तसं सांगते.

मधलं हिलबोर्गचं काम मार्क स्ट्रँडच्या कवितांवरचं, तिच्यासाठीच लिहिलेलं. २०१३ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर तिनेच ते पहिल्यांदा गायलं. गारठलेल्या पाण्यावर उजेड हलावा तसं ते वाटतं, आणि त्यातून कान हळूहळू ब्योर्ककडे सरकतो.

ब्योर्कची गाणी हान्स एकने ऑर्केस्ट्रासाठी बांधली आहेत. ‘व्हायरस’, मग ‘योगा’ (आपला योग नव्हे, हे तिच्या मैत्रिणीचं नाव), मग ‘ऑल इज फुल ऑफ लव्ह’. मला ही निवड फार योग्य वाटते. ब्योर्कची ओळ ठेक्याच्या चौकटीत बसत नाही, ती बोलण्याच्या लयीत पुढे जाते, थबकते, अचानक उसळते. बार्बरही एजीच्या गद्यामागून असाच चालतो. म्हणून या दोघांना शेजारी बसवताना कुणालाच कुणासाठी वाकावं लागत नाही.

२०१० च्या ‘डार्क होप’मध्ये फ्लेमिंगने रॉक गाणी गायली होती तेव्हा आवाज इतका खाली, माइकजवळ आणला होता की ती ओळखूच यायची नाही. त्या धाडसाबद्दल मला आदर आहे, पण मन तिथे रमलं नाही. इथे ती स्वतःच्या आवाजात आहे. ‘व्हायरस’मध्ये विषाणू आणि पेशी यांच्या नात्याला प्रेम म्हटलं आहे. इतक्या गोड सुरात ते ऐकताना अंगावर काटा येतो.

‘योगा’बद्दल मात्र माझी तक्रार आहे. १९९७ च्या मूळ गाण्यात तंतुवाद्यांखाली जमीन फाटल्यासारखे इलेक्ट्रॉनिक ठोके आहेत. गाण्यातली आणीबाणी त्या ठोक्यांत आहे, आणि ऑर्केस्ट्राला ती पेलली असं मला वाटत नाही. तिथे सगळं जरा जास्तच सुंदर होतं.

ऐकणार असाल तर क्रम मोडू नका, बार्बरपासून सुरू करा. आणि त्याआधी एजीचं गद्य मिळवून एकदा मोठ्याने वाचा.