नव्या गाडीतलं बेन्झिन: काचा उघडा, पण कारण वेगळं आहे

‘गाडीत बसल्याबसल्या एसी लावू नका’ असं बजावणारा मेसेज कित्येक वर्षं फिरतो आहे. नवी गाडी घेतलेल्या घरात तर तो हमखास पोचतो. त्यातले दावे थोडक्यात असे: डॅशबोर्ड, सीट आणि सुगंधी डब्या बेन्झिन हे विषारी रसायन सोडतात. त्याची मर्यादा चौरस फुटाला 50 मिलिग्रॅम. सावलीतल्या बंद गाडीत ते 400 ते 800 मिलिग्रॅम असतं आणि 60 अंश फॅरनहाइटच्या वर उन्हात 2000 ते 4000 पर्यंत, म्हणजे मर्यादेच्या 40 पट जातं. एसी लावला की हे सगळं फुप्फुसात शिरतं आणि शरीराला ते बाहेर टाकणं जड जातं. म्हणून आधी काचा उघडा.

काचा उघडण्याचा सल्ला मी मनापासून मान्य करतो. पण कारणच चुकीचं सांगितलं की माणूस दोन मिनिटं काचा उघडतो, निर्धास्त होतो आणि खरी काळजी घ्यायची राहून जाते.

बेन्झिन घातक आहे, यात वाद नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. पण माणसाला ते मुख्यतः पेट्रोलच्या वाफा, वाहनांचा धूर आणि तंबाखूचा धूर यांतून मिळतं.

मेसेज सगळ्यात जास्त फसतो तो आकड्यांत. हवेतला पदार्थ चौरस फुटात मोजतच नाहीत, तो घनमीटरमध्ये किंवा पीपीएममध्ये (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) मोजतात. तरीही आकडा खरा धरून बघू. गाडीच्या आत साधारण 3 घनमीटर हवा असते. त्यात 2000 मिलिग्रॅम म्हणजे घनमीटरला 650 हून जास्त. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची मर्यादा 1 पीपीएम, म्हणजे घनमीटरला जेमतेम 3.2 मिलिग्रॅम आहे. म्हणजे मेसेज खरा असता तर ही पातळी 40 पट नव्हे, 200 पट ठरली असती.

प्रत्यक्ष मोजमाप काय सांगतं? 2007 मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी एक नवी आणि एक तीन वर्षं जुनी गाडी प्रखर दिव्यांखाली 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. हवेत उडणारी सगळी सेंद्रिय रसायनं मिळून नव्या गाडीत घनमीटरला 10.9 मिलिग्रॅम भरली, जुनीत 1.2. एकट्या बेन्झिनचे 650 कुठून येणार? शिवाय 60 अंश फॅरनहाइट म्हणजे जेमतेम 16 अंश सेल्सिअस. इतक्या थंड हवेला कुणी ऊन तापलं म्हणत नाही.

याचा अर्थ नव्या गाडीचा वास निरुपद्रवी आहे, असा मात्र नाही. तो प्लास्टिक, फोम, गोंद आणि कापडातून निघणाऱ्या रसायनांचाच असतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेर उभ्या केलेल्या नव्या गाडीत फॉर्माल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड ही दोन्ही रसायनं चिनी मानकांच्या वर गेलेली आढळली. गाडी जितकी तापेल तितका वास वाढतो, आणि महिने सरतात तसा ओसरतो. म्हणून तापलेल्या गाडीत मुलांना बसवण्याआधी दारं उघडून आतली हवा जाऊ द्या. सीटवरची प्लास्टिकची आवरणं पहिल्याच दिवशी काढून टाका.

एसी बेन्झिन तयार करत नाही. आतली किंवा बाहेरून घेतलेली हवा तो फक्त थंड करून फिरवतो. शरीराला बेन्झिन बाहेर टाकणं जड जातं, हेही खरं नाही: काही भाग उच्छ्वासातून जातो, उरलेल्याचे यकृतात बदललेले अंश बहुतांशी एक-दोन दिवसांत लघवीतून निघतात. धोका असतो तो वारंवार, दीर्घकाळ संपर्काचा.

मेसेज ज्याचं नावही घेत नाही ते बटण खरं महत्त्वाचं आहे: आतलीच हवा फिरवणारं, गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेलं. पाच माणसं बसली, काचा बंद आणि हे बटण सतत चालू, तर बाहेर 420 पीपीएमच्या आसपास असलेला कार्बन डायऑक्साइड काही मिनिटांतच हजारांच्या घरात जातो. मग डोकं जड होतं, चालकाला पेंग येते, पाऊस असेल तर काचांवर वाफ धरते. धुराच्या गर्दीतून जाताना हे बटण जरूर लावा, मोकळा रस्ता लागला की बंद करा. तीन रांगांच्या गाडीत मागच्या छतातले व्हेंट बऱ्याचदा आतलीच हवा फिरवतात. मागे गार वाटलं तरी ताजी हवा पोचतेच असं नाही.

सुगंधी डबीबाबत मात्र मेसेजची दिशा बरोबर आहे. ती वास घालवत नाही, त्यात आणखी रसायनांची भर टाकते. एसी लावताच आंबूस, कुबट वास आला तर बहुधा ओलसर कूलिंग कॉइलवर बुरशी किंवा जिवाणू वाढलेले असतात. केबिन फिल्टर बघा, पाणी निचरणारी नळी तुंबली आहे का ते तपासा, आणि मुक्कामाला पोचण्याआधी काही मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळत असण्याची शक्यता आहे. असा वास किंवा पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गाडी मेकॅनिककडे न्या.