एलिक्सरमध्ये काम केलं तर क्लायंट अडकतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. पहिला: एकट्या डेव्हलपरने एलिक्सरसारख्या कमी लोकांना येणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत काम करून देणं म्हणजे क्लायंटला आपल्या दावणीला बांधणं. पीएचपी किंवा जावा असती तर दुसरा माणूस सहज मिळाला असता. दुसरा: ‘व्हॉट्सॲप अर्लांगवर चालतं’ असं सांगून क्लायंटची समजूत काढणं ही दिशाभूल आहे.

दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. एलिक्सर ज्या अर्लांग भाषेच्या पायावर उभी आहे तिचं काम एरिक्सन या टेलिकॉम कंपनीत १९८६ साली सुरू झालं, १९९८ मध्ये ती मुक्तस्रोत झाली. यावरून भाषा टिकाऊ आहे एवढंच कळतं. गाड्यांचं ट्रॅकिंग करून घेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याचा प्रश्न वेगळाच असतो: “उद्या तुम्ही फोन उचलला नाहीत तर?”

पहिला आक्षेप मात्र अर्धाच पटतो. क्लायंट अडकतो तो बहुतेक वेळा डोमेन डेव्हलपरच्या नावावर असतं, पासवर्ड त्याच्याच लॅपटॉपवर असतात आणि सर्व्हरवर परस्पर केलेले बदल कुठेच नोंदलेले नसतात म्हणून. हे पीएचपीतही घडतं. त्यामुळे डोमेन, होस्टिंग, गिट रेपो (कोड आणि त्यातल्या बदलांची नोंद जिथे राहते ती जागा) आणि बॅकअप ही चारही खाती पहिल्या दिवसापासून क्लायंटच्या ईमेलवर आणि त्याच्याच कार्डावर हवीत. आपल्याला फक्त प्रवेश.

करारातली एक गोष्ट तर फारच कमी जण बघतात. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेला कोड, पैसे दिले म्हणून आपोआप क्लायंटचा होत नाही. हक्क लेखी द्यावे लागतात. त्यातही मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ हे शब्द करारात घालाच.

आता दुसऱ्या माणसाबद्दल. एलिक्सर येणारा डेव्हलपर मिळायला वेळ लागेल आणि तो महागही पडेल. हे कोटेशनमध्येच लिहून द्यावं, लपवू नये. त्याच्या जोडीला पर्यायी डेव्हलपर आधीच ठरवून त्याचं नाव करारात घालावं आणि दर सहा महिन्यांनी त्याच्याकडून रंगीत तालीम करून घ्यावी. त्याच्या त्या दिवसाचे पैसे एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) धरावेत. तालीम अशी: त्याला कोरा सर्व्हर, रेपो, पोस्टग्रेस डेटाबेसचा कालचा बॅकअप आणि हँडओव्हरची फाइल (काम हाती घेणाऱ्यासाठी लिहिलेल्या सूचना) द्यायची. आपल्याला फोन करायचा नाही. ॲप सुरू करून कालची शेवटची नोंद पडद्यावर दाखवायची. तो जिथे अडला, तिथे फाइल अपुरी आहे.

तो कुठे अडतो हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. मिक्स या एलिक्सरच्या बिल्ड साधनाने बनवलेल्या पॅकेजमध्ये, म्हणजे रिलीजमध्ये, अर्लांगचा रनटाइम (कोड चालवणारा भाग) सोबत असतो, म्हणून ते कुठेही चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात उबुंटू २४.०४ वर बनवलेलं रिलीज २२.०४ वर टाकलं तर जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ लायब्ररीची) हवी ती आवृत्ती सापडत नाही म्हणून सुरूच होत नाही, २४.०४ वर ती २.३९ आहे, २२.०४ वर २.३५. म्हणजे बिल्ड सर्व्हरवर असलेल्या उबुंटूच्याच आवृत्तीच्या डॉकर इमेजमध्ये (त्या सिस्टीमच्या तयार, बंदिस्त प्रतीत) करायचा आणि ती आवृत्ती फाइलीत लिहायची. पुढचा अडथळा मायग्रेशनचा, म्हणजे डेटाबेसच्या रचनेत बदल करण्याचा. रिलीजमध्ये मिक्स नसतं, त्यामुळे नेहमीची कमांड सर्व्हरवर चालत नाही. मायग्रेशनचं फंक्शन कोडमध्ये लिहून ते रिलीजच्या इव्हॅल या कमांडने चालवावं लागतं. ती अख्खी ओळ जशीच्या तशी फाइलीत हवी. सीक्रेट की बेस (लॉगिनच्या कुकीवर सही करणारी गुप्त किल्ली) बदलली तर सगळे युजर लॉगआउट होतात, म्हणून ती आणि बाकीच्या किल्ल्या क्लायंटच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.

डेटाच्या बाबतीत मी कडक आहे. अर्लांगच्या टर्म-टू-बायनरीने (डेटा अर्लांगच्या खास बायनरी रूपात बदलणाऱ्या फंक्शनने) बनवलेलं काहीही डेटाबेसमध्ये साठवू नका. दुसऱ्या भाषेत ते वाचणं जिकिरीचं होतं. साधे कॉलम किंवा पोस्टग्रेसचा जेसनबी हा प्रकार वापरा. मग क्लायंटने पुढे सगळं जावात पुन्हा लिहून घ्यायचं ठरवलं तरी टेबलं तशीच राहतात. कोडमध्ये स्वतःचे मॅक्रोही (कोड तयार करणारा कोड) टाळा. नवख्याला तेच सगळ्यात जड जातात.

एलिक्सरची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या शेवटच्या पाच आवृत्त्यांनाच मिळतात. वर्षातून एकदा अपग्रेड हे काम एएमसीत वेगळं लिहा, नाहीतर ते कोणीच करत नाही.

आणि हो, चार पानं आणि एक चौकशीचा फॉर्म एवढंच काम असेल तर एलिक्सर वापरूच नये. वर्डप्रेस पुरेसं आहे. शेकडो गाड्यांची जीपीएस यंत्रं दर काही सेकंदांनी माहिती पाठवतात, तिथे गोष्ट वेगळी. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र प्रोसेस (प्रोग्रामचा वेगळा चालणारा छोटा भाग) देता येते, एक कोसळली तर तिच्यावर लक्ष ठेवणारा सुपरवायझर तेवढीच पुन्हा उभी करतो आणि बाकीच्या गाड्या नकाशावर हलत राहतात. एकट्याने सांभाळायच्या सिस्टीमला हा गुण फार मोलाचा आहे. रात्री एका बिघडलेल्या यंत्राने चुकीचा डेटा पाठवला म्हणून सहसा सगळं बंद पडत नाही, आणि क्लायंटलाही रात्री कोणाला उठवावं लागत नाही.

सोर्स कोड एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्या संस्थेच्या ताब्यात, ठेवावा असंही तुम्ही सुचवलंत. छोट्या क्लायंटला तो खर्च झेपणारा नाही. रेपो त्याच्या खात्यात आणि बाहेरून घेतलेल्या प्रत्येक पॅकेजचा सोर्स असलेला डेप्स फोल्डर रिलीजसोबत झिप करून त्याच्या बॅकअपमध्ये ठेवला, तर हेक्स (ही पॅकेजं जिथून उतरवली जातात ती साइट) बंद असतानाही बिल्ड करता येतो. फक्त तो झिप तालमीत एकदा नेट बंद करून वापरून बघायला सांगा.