‘जॅक द टॅब’ हे संकलन नव्हे : एक खुलासा

ॲसिड हाऊस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांमध्ये असे सांगितले जाते की, १९८८ साली इंग्लंडमध्ये निघालेली ‘जॅक द टॅब’ ही एलपी म्हणजे अनेक अज्ञात ब्रिटिश कलावंतांचे दुर्मीळ संकलन असून, त्यांतील प्रत्येकाच्या स्वतंत्र तबकड्या कुठेतरी अडगळीत सापडू शकतात. हे खरे नाही. वेष्टनावर प्रत्येक गाण्यापुढे निराळे नाव छापलेले आहे आणि शीर्षकात ‘पहिला खंड’ असाही उल्लेख आहे, त्यामुळे गैरसमज होणे साहजिक आहे. किंबहुना संकलनाचा आभास निर्माण व्हावा म्हणूनच ती नावे रचली गेली. प्रत्यक्षात ही सगळी करामत सायकिक टीव्ही या बँडचे जेनेसिस पी-ऑरिज, सॉफ्ट सेल या पॉप जोडीचे डेव्ह बॉल, रिचर्ड नॉरिस आणि त्यांचे मोजके सहकारी यांची होती. पुढे बॉल आणि नॉरिस यांनी ‘द ग्रिड’ ही जोडी स्थापन केली.

या तबकडीला अस्सल ॲसिड हाऊस म्हणणेही सैलपणाचे आहे. शिकागोच्या फ्युचर या गटाने १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’मधून रूढ केलेला, रोलंड टीबी-३०३ या बेस सिंथेसायझरची बटणे पिळताना चिरकत वर चढणारा बेस इथे मध्यवर्ती नाही; भर आहे तो इकडून तिकडून उचललेल्या ध्वनितुकड्यांवर. खरेखुरे संकलन हवे असणाऱ्याने ‘द हाऊस साउंड ऑफ शिकागो’चा १९८८चा तिसरा खंड पाहावा. ‘जॅक द टॅब’ संग्रही जरूर असावी, मात्र ‘विविध कलावंत’ या सदराखाली तिचा भाव वाढवून मागणाऱ्या विक्रेत्याला हा तपशील सांगावा.